गुरुवारच्या गटाराचा रंग

आमच्या घरी पाहुणे जमले, जेवणं झाली, सुपारी फिरली, की कुणीतरी म्हणतंच, "ती गुलाबी भाताची सांगा की." मी दोनदा "नको, किती वेळा तेच तेच" म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाची वाट न बघता सुरू करतो. तिसऱ्यांदा कुणी आग्रह करत नाही, हा अनुभव आहे. सांगताना दर दोन वाक्यांमागे स्वयंपाकघरातून दुरुस्ती येते. कागदावर ती यायची नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. तर आमचं कुटुंब, म्हणजे माझी बायको, आत्ता माझ्या खुर्चीमागं उभं राहून वाचतंय, आणि म्हणतंय, "भात गुलाबी नव्हता. डाळिंबी होता."

बरं. डाळिंबी.

या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. मी तेव्हा सोलापुरात शहराच्या कचेरीत आवक-जावक कारकून होतो. आलेला प्रत्येक कागद एका जाड वहीत चढवायचा, गेलेला प्रत्येक कागद दुसऱ्या जाड वहीत, एवढंच काम. पण मॅट्रिकला इंग्रजीत पहिल्या झटक्यात पास झालेला कचेरीत मी एकटाच, त्यामुळं माझी मान जरा ताठ असे. आमचे हेडक्लार्क म्हणायचे, "तुमची मान अशीच राहू द्या, फक्त वहीकडं बघताना वाकवा."

राहायला आम्ही शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीला लागून. सकाळी गल्लीभर सुताचे ताणे पसरून त्यांना खळ लावत असायचे, आणि मी धोतर सावरत, ताण्यांखालून वाकून कचेरीला जायचो. भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. नवरा गेल्यावर सूत रंगवायचं काम त्यांनी स्वतः चालवलं. दोन मुली, दोन जावई, सगळं घर त्याच कामात. मागच्या अंगणात चार हौद, चुलीवर हंडे, आणि बांबूंवर वाळत घातलेल्या रंगीत सुताच्या लडी. आमच्या पहिल्या बाळंतपणात सुईण यायला उशीर झाला, तेव्हा या अक्का रंगानं लाल झालेले हात घासून घासून धुऊन आमच्या घरात दोन दिवस बसून होत्या. मला त्या 'तम्मुडू' म्हणत. तेलुगूत धाकटा भाऊ. माझी ताठ मान त्यांना दिसत नसे.

गल्लीत सगळ्यांचा मिळून एक आड. अक्कांच्या हौदांचं पाणी गटारानं आडाजवळून उताराला जायचं. ते थोडं थोडं आडात झिरपतंय, हे आम्हांला कळलंच नव्हतं. कळणार कसं? पाणी प्यायचं पितळी तांब्यातून, त्यात रंग दिसत नाही. रोज खायची ज्वारीची भाकरी. ती काही रंग दाखवत नाही. वर लाल तिखटाची चटणी. मग तर बोलायलाच नको.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीला बघायला वैरागहून पाहुणे आले.

पाहुण्यांसाठी भात टाकला. भात आमच्याकडं तेव्हा सणालाच. पातेल्यावरचं झाकण काढलं, तर भात गुलाबी. (डाळिंबी.) नेमक्या त्याच दिवशी अक्कांच्या जावयांनी लाल रंगाचे दोन हौद रिकामे केले होते. पुन्हा भात टाकायला वेळ नव्हता आणि दुसरं पाणीही नव्हतं. शेवटी तोच वाढला. मी मान खाली घालून बसलो. वैरागच्या म्हाताऱ्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि आपल्या मुलाला म्हणाले, "बघ. शहरात भातालाबी रंग देत्यात. आपल्याकडं कुटं हाय असलं?"

लग्न जमलं. पोटंही कुणाची बिघडली नाहीत, नशीब. पण माझा अपमान झाला होता, आणि तो झालेला माझ्याशिवाय कुणालाच कळला नव्हता, याचा मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत बसून इंग्रजीत एक तक्रारअर्ज लिहिला. 'किरमिजी प्रवाह', 'विषाचे मूक आक्रमण', असं काय काय त्यात होतं. तो अर्ज शहराचा कारभार बघणाऱ्या कमिटीपुढं मोठ्यानं वाचला गेला म्हणे. एक सभासद तर डोळे पुसत होते. पंधरा दिवसांत ठराव झाला: रंगाचे हौद पाडव्याच्या आत नाक्याबाहेर माळावर हलवावेत, नाहीतर बुजवण्यात येतील. ठरावात चुकीचं काही नव्हतं. पाणी खरंच बिघडत होतं. आता ते माळावर जाऊन बिघडलं असतं, एवढाच फरक.

नोटीस माझ्याच जावक वहीतून गेली. अक्कांच्या नावची आहे, हे सही मारताना पाहिलं. तोवर मला खरंच वाटत होतं की गटाराविरुद्ध तक्रार केली म्हणजे ती गटारालाच लागू होते.

संध्याकाळी अक्का तो कागद घेऊन आमच्याकडेच आल्या. त्यांना वाचता येत नसे. आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचो.

"बग रं तम्मुडू, काय म्हनत्यात."

मी वाचलं. त्या खाली बसल्या.

"माळावर पानी कुटं हाय? माग हितं, रंग तितं? वल्लं सूत डोक्यावर घिऊन मैलभर जायचं व्हय माज्या पोरींनी?" मग जरा वेळानं, "कुनी केली असंल रे अर्जी?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"यांनीच," आतून आवाज आला.

मी चष्मा पुसतच राहिलो. अक्का माझ्याकडं बघत होत्या. रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "लई चांगलं लिवतो म्हनं तू विंग्रजी. मग आता माजं घर ऱ्हाईल असं लिव की."

आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवून गेल्या.

पाडव्याला दोन महिने होते. मी हेडक्लार्कना गाठलं. गृहस्थ वाळलेल्या शेंगेसारखे, बोलणं तसंच कडकडीत. म्हणाले, "ठराव कमिटीचा. तो तुम्ही-मी बदलू शकत नाही. पण एक सांगतो. ज्या प्रकरणात आपल्याकडून कागद गेलाय आणि त्याचं उत्तर आलेलं नाही, ते प्रकरण चालू धरलं जातं. चालू प्रकरणात अंमल होत नाही. आजवरचा रिवाज आहे."

"पण मी कागद पाठवू कुणाला?"

"ते मला काय विचारता? तुमची इंग्रजी चांगली आहे."

चार दिवसांनी टपालात एक लिफाफा आला. जाड कागद, परदेशी तिकीट. जगभरच्या शहरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं आणि त्याची कचेरी युरोपातल्या एका गावात होती. त्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, तेव्हा लिहीत नाही. एका शहराची अडचण दुसऱ्याला कळवायची आणि दुसऱ्याची युक्ती पहिल्याला, हे त्या मंडळाचं काम. सोबत छापील प्रश्नांची यादी. अशा याद्या म्हणे देशोदेशीच्या शहरांना गेल्या होत्या.

मी घरी येऊन हे फार गंभीरपणे समजावून सांगितलं. राष्ट्रं भांडतात, पण शहरं भांडत नाहीत, शहरांना नळ आणि गटारं असतात, वगैरे. आमच्या कुटुंबानं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "म्हणजे आडावरच्या बायका की. तुझ्या डाळीला काय झालं, माझ्या डाळीला मी काय केलं. त्याला एवढी तिकिटं कशाला?"

हेडक्लार्कांनी यादी माझ्याकडंच दिली. रस्त्यांवर पाणी मारण्याची यंत्रं किती? मी लिहिलं, यंत्रं नाहीत, पण रोज सकाळी प्रत्येक घरची बाई आपल्या दारापुढं सडा मारते, त्यामुळं काम अडत नाही. ट्राम किती? नाही. टांगे पुरेसे. सार्वजनिक वाचनालयात लोक शांतता पाळतात काय? वर्तमानपत्र एकच असल्यास पाळत नाहीत. असं करत करत शेवटच्या प्रश्नाशी आलो, आणि थांबलो.

'आपल्या शहराला अशी कोणती अडचण आहे, की जिच्यावर इतर शहरांचा अनुभव कळावा असे वाटते?'

इतक्या वर्षांत किती कागद माझ्या हाताखालून गेले, पण अमुक का केलं नाही आणि तमुक केव्हा करणार, हेच विचारणारे. तुमचं काय अडलंय, हे आजवर एकाही कागदानं विचारलं नव्हतं.

मी अक्कांकडं गेलो. म्हटलं, "रंगाचं पाणी साफ कसं करायचं, हे जगाला विचारू या. पण पाणी कसं आहे ते त्यांना कळवायला लागेल. त्याची परीक्षा करायची यंत्रं आपल्याकडं नाहीत."

"यंत्र कशाला?" अक्का म्हणाल्या. रंगाऱ्यांची एक रीत होती. हौद धुतल्यावर मांजरपाटाची पांढरी पट्टी पाण्यात बुडवून वाळवायची. पट्टीला रंग लागला तर हौद अजून धुवायचा. "रोज गटारात येक पट्टी बुडवू. सात दिसांच्या सात. बगू दे की जगाला."

तसं केलं. सोमवारची पट्टी लाल, मंगळवारची निळसर, बुधवारची हळदी. गुरुवारी सगळे हौद एकदम धुवायचे, म्हणून गुरुवारच्या पट्टीला एक विलक्षण रंग आला. जांभळा म्हणावा तर धुरकट, करडा म्हणावा तर आतून तांबूस. पट्ट्या तयार झाल्यावर मी त्या तशाच लिफाफ्यात कोंबणार होतो, तर अक्कांनी माझ्या हातावर चापट मारली.

"गावाभाईर असं पाटवत्यात व्हय? अब्रू हाय का न्हाई?"

मग त्यांनी त्या पट्ट्यांच्या कडा दुमडून शिवल्या, कांजी दिली, तांब्याच्या तळानं घोटून इस्त्री केली, कोपऱ्यात एक ते सात आकडे घालायला लावले, आणि लाल दोऱ्यानं पुठ्ठ्यावर बांधल्या. त्यांच्या घरातून बाहेर जाणारी कुठलीही चिंधी तशीच जायची, मग ती गटारात बुडवलेली का असेना. टपालातल्या माणसानं सांगितलं की कापडाचं पुडकं पत्रापासून वेगळं पाठवावं लागेल. मी वेगळं पाठवलं. जावक वहीत नोंद केली. हेडक्लार्कांनी अक्कांच्या प्रकरणावर चिठ्ठी डकवली: 'पत्रव्यवहार चालू.'

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, अक्कांकडं त्यांचा उगादीचा सण झाला, आणि हौदांत रंग उकळतच राहिला. अंमलाची आठवण कुणी केली की हेडक्लार्क चिठ्ठीवर बोट ठेवत. "समुद्रापलीकडं विचारणा केलेली आहे," असं ते अशा काही सुरात म्हणत, की विचारणारा नकळत टोपी सारखी करी.

उन्हाळा चांगला तापल्यावर उत्तर आलं. मी घाईघाईनं फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

पत्र मंडळाचं नव्हतंच. त्या गावच्या कापड व्यापाऱ्यांच्या सभेचं होतं. आमचं पुडकं पत्राआधी पोचलं होतं. ती शिवलेली, घोटलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली पट्ट्यांची मांडणी पाहून मंडळातल्या कुणा सज्जनानं ती सरळ व्यापाऱ्यांकडं धाडली होती. ते लिहीत होते: आपला माल मिळाला. क्रमांक चारचा रंग आमच्या सभासदांना अत्यंत मोहक वाटला. असा रंग आमच्याकडे साधत नाही. महिन्याला किती वार पुरवू शकाल?

क्रमांक चार म्हणजे गुरुवार.

हेडक्लार्कांनी हात पुढं केला. "उत्तर आलं ना? चिठ्ठी काढतो. प्रकरण बंद."

"साहेब, थांबा! हे उत्तर नाहीये."

"मग काय आहे?"

"प्रश्न आहे. कापड किती देता म्हणून विचारतायत."

पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. कपाळावरची शीर हलली. मग म्हणाले, "प्रश्न आला, म्हणजे उत्तर देणं आपल्याकडं लागलं. उत्तर द्यायचं बाकी असताना प्रकरण बंद कसं होईल?" आणि उलट चिठ्ठीला आणखी थोडी खळ लावून ती घट्ट बसवली. हा माणूस हसताना मी कधी पाहिला नाही, पण त्या दिवशी त्यांनी तोंडावर उपरणं धरलं होतं, एवढं सांगतो.

घरी येऊन मी अक्कांना पत्राचा अर्थ सांगितला. वाटलं, हसतील. त्या गंभीर झाल्या. "किती वार पायजे म्हनत्यात?"

"अक्का, ते गटार आहे!"

"असंना. त्यास्नी आवडलंय न्हवं?"

पुढचे तीन दिवस त्या माउलीनं गुरुवारचा रंग मुद्दाम करायचा प्रयत्न केला. लालात निळा टाकला, निळ्यात हळद टाकली, हंड्यात गंजके खिळे टाकले. जांभळा झाला, तपकिरी झाला, एकदा हिरवाही झाला. गुरुवार काही होईना. चौथ्या दिवशी हात झटकत म्हणाल्या, "अय्यय्यो! चाळीस वरसं रंग करतीया. मला न्हाई जमत ते माज्या गटाराला जमतंय." आणि तेव्हा कुठं हसल्या. गल्लीभर ऐकू गेलं.

मग मी मंडळाला आणि त्या व्यापाऱ्यांना मिळून दुसरं पत्र लिहिलं. या खेपेला 'किरमिजी प्रवाह' वगैरे काही नाही. इतकं साधं इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. 'क्रमांक चार विक्रीस नाही. ते आमचे गुरुवारचे गटार आहे. ते आमच्या पिण्याच्या पाण्यात जाते. ज्या बाईचे हे हौद आहेत, तिचे घर या कामावर चालते. हौद बंद न करता पाणी कसे साफ करावे, हे एखाद्या शहराला ठाऊक असल्यास कृपा करून कळवावे.' हेडक्लार्कांनी वाचलं आणि म्हणाले, "पहिल्यांदाच तुमचं इंग्रजी मला कळलं."

मात्र आता मला खरी भीती वाटू लागली होती. आडाचं पाणी पिणं आम्ही बंद केलं होतं. बायका दूरच्या नळावरून घागरी आणत, आणि जाता-येता अक्कांच्या दाराकडं बघत. बोलत कुणी नसे, पण घागरी वाजवत जात. "उत्तर आलं नाही तर?" मी एकदा घरात म्हटलं. आमचं कुटुंब भाकरी थापता थापता म्हणालं, "आडावर एकीऐवजी सगळ्यांना विचारलं, तर एकीला तरी ठाऊक असतंच. धीर धरा." तिनं स्वतः त्या दिवसांत घागर कधी वाजवली नाही. मला माहीत आहे, कारण मी कान देऊन होतो.

श्रावणात दोन पत्रं एकदम आली. एक मंडळाचं, क्षमा मागणारं. त्यात असं होतं की आमचं पत्र त्यांच्या सभेत वाचलं, आणि व्यापाऱ्यांच्या सभेचे अध्यक्ष क्रमांक चारच्या कापडाची टोपी शिवून घ्यायच्या विचारात होते, तो विचार त्यांनी आता सोडला. दुसरं पत्र तिसऱ्याच देशातल्या एका गिरणगावच्या इंजिनियरचं. त्यांच्याकडंही एके काळी नदी रोज वेगळ्या रंगाची वाहायची. त्यानं हातानं काढलेला नकाशा पाठवला होता. पायऱ्यांसारख्या एकाखाली एक तीन टाक्या. पहिलीत चुन्याची निवळी टाकून गाळ बसू द्यायचा, दुसरीत जळक्या कोळशाची खडी, तिसरीत वाळू. आणि गटाराला आतून चुन्याचा पक्का गिलावा, म्हणजे झिरपणार नाही. खाली लिहिलं होतं: 'खडी दर महिन्याला बदलावी. आम्ही बदलली नव्हती. आमची चूक आपण करू नये.'

इतक्या लांबच्या माणसानं आपली चूक एवढ्या सहज लिहून पाठवावी, याचं मला फार वाटलं. मी तर माझी शेजारच्या घरी सांगू शकलो नव्हतो.

अक्कांनी नकाशा उलटा धरून बघितला, मग सुलटा. "हे गाळनंच की. आमची अम्मा राखंतनं पानी गाळायची. त्यानं तीन केल्यात, एवडंच." पण दुसऱ्याच दिवशी थोरल्या जावयाला बैलगाडी देऊन होटगीला पाठवलं. तिथं स्टेशनापाशी इंजिनांतून काढलेल्या जळक्या कोळशाचे ढीग पडलेले असत. गल्लीतल्या विणकरांनी टाक्या खणल्या. घागरी वाजवणाऱ्या बायकांनी चुना कालवला. मी नकाशा धरून उभा राहिलो आणि इंजिनियरचं इंग्रजी मराठीत ओरडत राहिलो. कुणीतरी म्हणालं, "साहेब, जरा बाजूला व्हा, तुमी टाकीत उभं हाय." होतो खरा.

आणि पुन्हा पट्ट्या सुरू झाल्या. आता तिसऱ्या टाकीच्या तोंडाशी. पहिल्या आठवड्यात लालसर. दुसऱ्यात फिक्या. आड पूर्ण उपसला, धुतला, नवं पाणी भरू दिलं. महिन्याभरानं गुरुवारची पट्टी अशी निघाली की उन्हात धरल्याशिवाय रंग दिसेना. अक्कांनी तीही कांजी देऊन शिवली.

गणपती झाल्यावर कमिटीचे पाच सभासद पाहणीला आले. डोळे पुसणारे गृहस्थही होते. त्यांनी टाक्या पाहिल्या, पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या, माना हलवल्या, पण कुणी हो म्हणेना. पट्टीवर त्यांचा भरवसा बसेना. एक म्हणाले, "कापडाचं ठीक आहे. माणसाचं काय?"

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. इतके दिवस टाक्या खणताना न थकलेली बाई, पण त्या घटकेला त्यांचे लाल हात चौकटीवर घट्ट आवळलेले मी पाहिले.

तेवढ्यात आमचं कुटुंब पातेलं घेऊन बाहेर आलं. मला तिनं काही सांगितलं नव्हतं. "आडाच्याच पाण्याचा आहे," ती म्हणाली आणि झाकण काढलं.

भात पांढरा होता. जाईच्या फुलांसारखा. आधी तिनं पानावर घेऊन स्वतः खाल्ला, मग माझ्यापुढं धरला. मी खाल्ला. मग डोळे पुसणाऱ्या सभासदांनी हात पुढं केला, घास घेतला, आणि म्हणाले, "वरण नाही का?"

ठराव झाला, तो असा: परदेशी शहरांशी चाललेला पत्रव्यवहार पुरा होऊन अंतिम अनुभव कळेपर्यंत नोटीस तहकूब ठेवावी. 'रद्द' नाही. तहकूब. मी हेडक्लार्कांकडं तक्रार केली. ते म्हणाले, "रद्द केलेलं उद्या कुणीही पुन्हा काढतो. तहकूब कुणी उघडतसुद्धा नाही. फक्त पत्रव्यवहार पुरा होऊ देऊ नका."

तो होऊ द्यायचाच नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं, पण काही करावं लागलंच नाही. मंडळानं आपल्या छापील पत्रकात आमची हकीगत दिली, पट्ट्यांच्या रीतीसकट. वर्षभरानं एक पुडकं आलं. कुठलं तर समुद्रकाठचं एक शहर, तिथल्या लोकांची भाषाच वेगळी. आत पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर पट्ट्या, एक ते सहा. रविवारी तिथं काम बंद असावं. कडा दुमडून शिवल्या नव्हत्या. अक्कांना ते बघवलं नाही.

त्या पट्ट्या उजेडात धरून त्यांनी एकेक वाचली. मला अक्षरं वाचता येतात, त्यांना पट्ट्या. "ह्ये बग. मंगळवारी ह्येंच्यात नीळ असतीया. तुरटी लई टाकत्यात, कशाला येवडी? आनि हौद धुत्यात शनवारी. ही बग शनवारची." ती शनिवारची पट्टी थेट आमच्या गुरुवारसारखी होती. धुरकट, आतून तांबूस. अक्कांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाल्या, "मंजी त्येंच्यात बी आपल्यावानीच हाय."

"काय लिहू?" मी दौत ओढली.

"लिव. तुरटी निम्मी करा म्हनावं. खडी म्हैन्याला बदला. आनि शनवारच्या रंगाला भुलू नगा, तो कुनालाच जमत न्हाई."

तेव्हापासून पुडकी येतात, जातात. कधी वर्षात तीन, कधी एकच. हेडक्लार्क निवृत्त झाले. जाताना त्यांनी अक्कांचं प्रकरण स्वतः माझ्या हातात दिलं. मी आता त्यांच्या खुर्चीत बसतो, आणि माझी मान त्यांच्यासारखीच वाळत चालली आहे. हल्ली वर्तमानपत्रात त्या देशांच्या बातम्या बऱ्या येत नाहीत. गेल्या खेपेला त्या गिरणगावच्या इंजिनियरचं उत्तर यायला फार दिवस लागले. पण आलं. नवी खडी कुठली चांगली ते लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: 'सोलापूरच्या बाईंना विचारा, त्यांचे काय मत?'

बाईंचं मत मी काल लिहून घेतलं. त्यांचे हात आता थरथरतात, हौद मुली बघतात. पट्टी मात्र अजून त्याच शिवतात. मी पत्र आज सकाळी टपालात टाकलं आणि जावक वहीत नोंद केली. आता तीन-चार महिने तरी उत्तर यायचं नाही.

अक्कांच्या प्रकरणावरची 'पत्रव्यवहार चालू'ची चिठ्ठी जुनी होऊन सुटत आली होती. तिला आज पुन्हा खळ लावली.

"अर्ज कुणी केला होता, तेही लिहिलंत ना?" मागून आवाज.

लिहिलंय.